नाझरसाहेबांना विचारा : पांढुर्ण्याचा मुनीम पेशीवर कसा आणायचा?

या वेळच्या टपालात तीन पत्रं अशी निघाली की तिघांचंही दुखणं एकच. कोर्ट एका राज्यात आणि माणूस दुसऱ्या राज्यात. पहिलं पत्र वाचून मला माझ्या बेलिफगिरीची सुरुवातीची वर्षं आठवली, म्हणून त्याला जास्त जागा देतोय. बाकीच्या दोघांनी रागावू नये. आणि नेहमीचं सांगून ठेवतो, मी वकील नाही. कोर्टात बेलिफ, म्हणजे समन्स बजावणारा शिपाई म्हणून लागलो, नाझर, म्हणजे त्या बेलिफांवरचा अधिकारी म्हणून निघालो. कायद्याचं पुस्तक वकिलापाशी असतं. कागद कुठं अडकतो, तेवढं मला ठाऊक आहे.

प्रश्न : नाझरसाहेब, नमस्कार. वरूड तालुक्यात माझं संत्र्याचं वावर आहे. आंबिया बहाराचा माल पांढुर्ण्याच्या एका व्यापाऱ्याला टनाला २२,००० रुपये भावानं दिला. ५०,००० रुपये बयाणा मिळाला. तीन खेपांत १८ टन माल गेला. आता तो म्हणतो, मी एकच खेप उचलली, बाकीच्या दोन माझ्या नाहीत. मी ३,४६,००० रुपयांचा दावा लावला आहे. वजन पांढुर्ण्याच्या एका धर्मकाट्यावर झालं होतं. एक पावती माझ्याजवळ आहे, दुसरीचा मोबाईलमध्ये फोटो आहे, तिसरी ड्रायव्हरनं हरवली. काट्याच्या मुनिमाला साक्षीला बोलावलं, तर समन्स दोनदा गेलं आणि दोनदा परत आलं. पहिल्यांदा शेरा होता की या नावाचा कोणी मिळाला नाही. दुसऱ्यांदा, पेशीची तारीख निघून गेल्यामुळे परत. साहेबांनी आता शेवटची संधी दिली आहे. आमचे वकील म्हणतात, परराज्याचं काम आहे, आपल्या हाती काही नाही. खरंच काही नाही का?
— एक संत्रा बागायतदार, वरूड तालुका

उत्तर : भाऊ, हाती पुष्कळ आहे. पण आधी माझी एक फजिती ऐका, म्हणजे 'परराज्य' ही काय भानगड आहे ते कळेल.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका तालुक्याच्या कोर्टात मी बेलिफ. सासुरवाडीचे लोक पांढुर्ण्याकडचे, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार, म्हणजे दोन्ही गावांनी एकमेकांवर दगड मारायची रीत. मी बघायला निघालोच होतो. माझ्या थैलीत त्याच गावच्या एका माणसाचं समन्स पडून होतं. ते खरं म्हणजे तिथल्या कोर्टाकडे पाठवायचं होतं. मी म्हटलं, पाठवायचं कशाला, हातोहात देऊन येऊ. नदीकाठच्या गर्दीत तो माणूस सापडला, बिचाऱ्यानं सहीपण केली. परत येऊन मी छाती काढून अहवाल लिहिला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "बेलिफ, तुमचा बिल्ला कोणत्या गावापर्यंत चालतो?" बजावणी रद्द. त्या वादीचे तीन महिने माझ्या हुशारीपायी गेले. तेव्हापासून मी गोटमार पाहायला गेलेलो नाही.

गंमत अशी की १९५६ च्या आधी ही अडचण नव्हती. वऱ्हाड, छिंदवाडा, बैतूल सगळं एकाच प्रांतात, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपल्या शेजारच्या बाजारावर परराज्याचा शिक्का बसला. बाजारात आजही तिथं आपल्यासारखीच मराठी ऐकू येते. कोर्टाचा कागद मात्र हिंदीत चालतो.

तर नियम असा. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, म्हणजे वकील ज्याला सीपीसी म्हणतात, तिचं कलम २८. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला समन्स द्यायचं तर आपलं कोर्ट ते तिथल्या कोर्टाकडे पाठवतं. तिथलं कोर्ट ते जणू आपणच काढलंय असं समजून बजावतं आणि काय झालं त्याच्या कागदांसह परत पाठवतं. कलम २८ मुळात प्रतिवादीसाठी, पण कलम ३१ नं तेच साक्षीदाराच्या समन्सलाही लागू केलं आहे. म्हणजे तुमच्या मुनिमाला मध्य प्रदेशात राहतो म्हणून सूट नाही. फक्त त्याच्या दारात जाणारा बेलिफ तिथल्या कोर्टाचा असतो, आणि त्याला तुमच्या दाव्याचं ना सुख ना दुःख. त्याच्यापुढे शंभर कागदांतला एक तुमचा.

आता पहिल्यांदा समन्स का परत आलं? तुम्ही पत्रासोबत जोडलेली नक्कल मी पाहिली. पत्ता लिहिलाय, 'मुनीम, धर्मकाटा, पांढुर्णा'. भाऊ, तुमच्या गावात कोणी 'मास्तर, शाळा, वरूड' असं पत्र पाठवलं तर पोस्टमन काय करेल? आडनाव नाही, बापाचं नाव नाही, वॉर्ड नाही, कोणता धर्मकाटा ते नाही. शिवाय पांढुर्णा २०२३ साली छिंदवाड्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला, आणि तुमच्या कागदावर अजून जुनाच जिल्हा आहे. समन्स नेमकं कोणत्या कोर्टाच्या नावानं पाठवायचं ते ईकोर्ट्सच्या संकेतस्थळावर पाहून अर्जातच लिहा. ते शोधणं आपल्या इथल्या बाबूचं काम आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. हे मी बाबू असून सांगतोय.

दुसऱ्यांदाचं कारण त्याहून साधं. पेशी २१ दिवसांची घेतली होती. कागद आपल्या कोर्टातून निघायला आठ दिवस, टपालात पाच, तिथल्या आवक नोंदीत चार, आणि बेलिफाच्या फेरीचा वार आठवड्यातून एक. हिंदीत त्याला 'अदम तामील' म्हणतात, म्हणजे बजावणी झाली नाही. साक्षीदाराला तयारीला आणि प्रवासाला पुरेसा वेळ मिळेल इतकं आधी समन्स पोचलं पाहिजे, असं सीपीसीच्या ऑर्डर १६, म्हणजे साक्षीदारांच्या समन्सच्या भागात, नियम ९ मध्येच लिहिलेलं आहे. तेव्हा पुढची तारीख मागताना वकिलांना सांगा, दोन महिन्यांची मागा. वादी लांबची तारीख मागतो म्हटल्यावर साहेब जरा चमकतील. दोन्ही परत आलेले शेरे दाखवा, समजून घेतील.

पण त्याआधी मला तुम्हाला एक वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. तुम्हाला मुनीम पाहिजे की मुनिमाची वही?

हे मी नोकरीत कितीदा पाहिलं. माणूस बोलवायला वर्ष घालवतात आणि पाहिजे असतो एक कागद. तुमचा वाद कशावर आहे? खेपा तीन की एक. ते मुनिमाच्या आठवणीवर ठरणार नाही. दिवसाला साठ गाड्या काट्यावर चढतात, त्याला तुमची संत्री कशी आठवणार? ठरणार आहे ते त्या तीन तारखांच्या नोंदींवर. ऑर्डर १६ चा नियम ६ सांगतो, एखाद्याला फक्त दस्तऐवज हजर करण्यापुरतं समन्स काढता येतं, आणि त्यानं स्वतः न येता तो दुसऱ्याच्या हाती पाठवला तरी हुकूम पाळला असं धरतात. असं समन्स मुनिमाच्या नावानं काढू नका. वही ज्याच्या मालकीची आहे त्या काटामालकाच्या नावानं काढा. त्यात तारखा लिहा, गाड्यांचे नंबर लिहा. 'सर्व रेकॉर्ड' असं मोघम लिहिलंत तर तो हात वर करेल आणि त्याचं चुकीचंही नसेल.

वही आली की काम संपलं असं मात्र नाही. समोरचा वकील उठेल आणि म्हणेल, ही नोंद कोणाच्या हातची? कोणी शाबीत केली? वही आपोआप बोलत नाही. तेव्हा मुनीम लागेल, पण आता तो एका नेमक्या गोष्टीसाठी लागेल, की ही नोंद मी केली, रोजच्या धंद्यात केली. काटा संगणकावर चालत असेल, आणि हल्ली बहुतेक चालतात, तर छापील पावतीसोबत प्रमाणपत्र लागेल. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं असायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते कलम ६३ आहे, आणि प्रमाणपत्राचा नमुना अधिनियमाच्या परिशिष्टात छापलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. एक यंत्र सांभाळणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. तुमच्या मोबाईलमधल्या फोटोलाही हेच लागेल. वकिलांना आत्ताच विचारा, शेवटच्या पेशीला नको.

आता मुनिमाला आणायचं कसं. वरूडहून पांढुर्णा १०० किलोमीटरच्या आत येतं, म्हणून त्याला प्रत्यक्ष यायला सांगता येतं. हा आकडा मी मनानं काढलेला नाही. ऑर्डर १६ चा नियम १९ म्हणतो की कोर्टाच्या हद्दीबाहेरचा साक्षीदार १०० किलोमीटरच्या आतला असेल तरच त्याला हजर राहण्याचा हुकूम करता येतो. वाटेचा सहात पाच भाग रेल्वेचा किंवा नेहमीच्या सार्वजनिक वाहनाचा असेल तर ही मर्यादा ५०० किलोमीटर होते. त्याच्याही पलीकडे, विमानाची सोय असेल आणि तुम्ही विमानाचं भाडं भरलं, तर बोलावता येतं. म्हणजे तुमचा माल दिल्लीच्या आझादपूर मंडीत गेला असता आणि तिथला आडत्या साक्षीला हवा असता, तर त्याला विमानानं आणा, नाहीतर कमिशन काढा, म्हणजे तो आहे तिथंच त्याची साक्ष लिहून घ्या, असा मामला होता. नशीब समजा, पांढुर्ण्यावरच थांबला.

मग माझा सल्ला, जो कोणत्याही पुस्तकात नाही. एखाद्या सकाळी एसटीत बसून पांढुर्ण्याला जा आणि काट्यावर जाऊन चहा घ्या. पावती दाखवा. मुनिमाचं पूर्ण नाव विचारा, राहतो कुठं ते विचारा. लोक साक्षीला टाळतात ते वाईट असतात म्हणून नाही. कोर्टाचा कागद आला म्हणजे आपल्यावरच केस झाली, असं त्यांना वाटतं. माझ्या हातून समन्स घेताना किती जणांचे हात थरथरले आहेत! त्याला सांगा, तू आरोपी नाहीस, प्रतिवादीही नाहीस, वही उघडायची आणि वाचायची. तो खुशीनं यायला तयार झाला तर समन्सची गरजच नाही. ऑर्डर १६ च्या नियम १-अ प्रमाणे तुम्ही साक्षीदार स्वतः आणू शकता. त्याचं नाव साक्षीदारांच्या यादीत असावं. यादी मुद्दे निघाल्यापासून, म्हणजे कोर्टानं वादाचे प्रश्न ठरवल्यापासून, १५ दिवसांत द्यायची असते. राहून गेलं असेल तर कारण देऊन परवानगी मागता येते. पण एक सांभाळा. काय बोलायचं ते त्याला शिकवू नका, आणि भाड्याभत्त्याच्या वर एक रुपया देऊ नका. संत्र्याची पेटीसुद्धा नको. उलटतपासात पहिला प्रश्न तोच येईल.

यायला राजी नसेल तर समन्स पाहिजेच, पण ते तुम्ही स्वतः नेऊ शकता. नियम ७-अ. वकिलांनी अर्ज करायचा, कोर्टानं परवानगी दिली की समन्स तुमच्या हातात मिळतं, तुम्ही ते साक्षीदाराला देता आणि दुसऱ्या प्रतीवर त्याची सही घेता. मी बिल्ला घेऊन जे करायला गेलो आणि तोंडघशी पडलो, तेच तुम्ही कोर्टाच्या परवानगीनं करू शकता. अशा वेळी प्रवासखर्च आणि भत्ता तुम्हीच त्याच्या हातात द्यायचा, पावती घ्यायची. त्यानं घ्यायला नकार दिला तर हुज्जत घालू नका. परत येऊन कोर्टाला सांगा, मग कोर्ट आपल्या रस्त्यानं ते पुन्हा काढतं.

कोर्टामार्फत पाठवणार असाल तर भत्त्याचे पैसे आधी कोर्टात जमा करावे लागतात. समन्स मागितल्यापासून जास्तीत जास्त सात दिवसांत. आमच्या नाझर शाखेत अर्ध्या समन्सांची माती इथंच व्हायची. अर्ज मंजूर, पक्षकार गावी गेला, वकील विसरला, भत्ता भरलाच नाही, समन्स टेबलावरच. मग पेशीला येऊन विचारायचे, "साहेब, आमचं समन्स कायले गेलं नाही?" समन्ससोबत हिंदी भाषांतर जोडा. तिथला बेलिफ मराठी बोलेल, त्याचा साहेब वाचेलच असं नाही.

आणि पाठवल्यावर गप्प बसू नका. आता कोर्टांमध्ये एनस्टेप नावाची व्यवस्था आहे. समन्स एका कोर्टाकडून दुसऱ्या राज्याच्या कोर्टाकडे संगणकावरूनच जाऊ शकतं, आणि बेलिफ मोबाईलवर जागेची नोंद करून अहवाल टाकतो. आमच्या वेळी मी पिंपळाखाली बसून 'घरी मिळाला नाही' असं लिहिलं असतं तर कोणाला कळलं नसतं. (लिहिलं नाही. पण लिहिणारे होते.) तुमचं समन्स या वाटेनं गेलं का ते नाझर शाखेत विचारा. दहा-बारा दिवसांनी पांढुर्ण्याच्या कोर्टात चक्कर मारा, आवक क्रमांक विचारा. चिरीमिरी देऊ नका. कागद टेबलाच्या खालच्या थरात असला तर तो वर यायला नुसतं विचारणंच पुष्कळ होतं.

बजावणी होऊनही तो आला नाही तर? तेव्हा कोर्टाला दात आहेत. कलम ३२ खाली वॉरंट काढता येतं, मालमत्ता जप्त करता येते, ५,००० रुपयांपर्यंत दंड करता येतो. पण वॉरंटावर आणलेला साक्षीदार मी पाहिलाय. तो खरं बोलतो, पण जेवढं विचारलं तेवढंच, आणि तेही तुमच्याकडे न बघता. चहा स्वस्त पडतो.

बयाण्याचे ५०,००० रुपये बँकेतून आले असतील आणि तुम्हाला तिथल्या बँकेचा माणूसही बोलवावासा वाटत असेल, तर नका बोलावू. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ प्रमाणे बँकेच्या वहीचा प्रमाणित उतारा पुराव्यात चालतो, आणि बँक दाव्यात पक्षकार नसेल तर कोर्टाच्या खास हुकुमाशिवाय अधिकाऱ्याला वही घेऊन यायला भागही पाडता येत नाही.

प्रश्न : नाझरभाऊ, माझं वय ७१. पांढरकवड्याजवळच्या गावात राहते. माझे दीर आदिलाबादला राहत होते. त्यांनी मृत्युपत्र केलं तेव्हा साक्षीदार म्हणून माझी सही घेतली होती. आता त्यांची मुलं आपसात कोर्टात भांडतात. परवा कोर्टाचा माणूस एक कागद देऊन गेला, त्यावर सगळं तेलुगूत. पुतण्या म्हणाला, आदिलाबादच्या कोर्टाचं समन्स आहे, काकू, फाडून टाका, ते दुसरं राज्य आहे. माझे गुडघे गेले आहेत. खरंच नाही गेलं तर चालेल का?
— एक आजी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, फाडू नका. कोणत्या पुतण्यानं हे सांगितलं तेवढं मनात ठेवा, त्याचा फायदा कशात आहे ते आपोआप दिसेल.

पैनगंगेच्या पलीकडचं कोर्ट असलं तरी कागद देणारा माणूस आपल्याच तालुक्याच्या कोर्टाचा बेलिफ होता, हे तुमच्या लक्षात आलं का? वर बागायतदारांना सांगितलेलं कलम २८ इथं उलट्या बाजूनं चालतं. आपल्या कोर्टानं ते स्वतःचं समजून बजावलंय. अंतर १०० किलोमीटरच्या आतलं, तेव्हा समन्स पक्कं. आणि तुमची साक्ष साधी नाही. मृत्युपत्रावर निदान दोन साक्षीदार लागतात आणि ते शाबीत करायला त्यातला एक तरी, जिवंत असेल आणि येऊ शकत असेल तर, कोर्टात बोलावा लागतो. तुम्ही लिहिलंय की दुसरे गृहस्थ वारले. म्हणजे आता सगळं तुमच्यावरच आलं.

पण गुडघ्यांचं दुखणं खरं आहे आणि कायद्याला ते कळतं. वकिलामार्फत, किंवा दिराच्या ज्या मुलानं तुम्हाला साक्षीला लावलंय त्याच्या वकिलामार्फत, डॉक्टरांचा दाखला जोडून आदिलाबादच्या कोर्टाला कळवा की माझी साक्ष कमिशनवर घ्या. कोर्टाच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या माणसासाठी तशी सोय ऑर्डर २६ मध्ये आहे, आणि कलम ७६ प्रमाणे ते कोर्ट आपल्याकडच्या कोर्टाला कमिशन पाठवू शकतं. मग तुम्ही पांढरकवड्याला जाऊन बोलायचं, आणि अगदीच उठवत नसेल तर कमिशनर घरी येतो. दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष हाही रस्ता आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्येच महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या निकालात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष अशी घ्यायला मोकळीक दिली होती, आणि तो तर फौजदारी खटला होता. काहीही करा, पण पेशीच्या तारखेच्या आधी करा. तारीख उलटल्यावर दाखला पाठवला की तो खरा असूनही खोटा वाटतो.

तेलुगूचं म्हणाल तर एक किस्सा सांगतो. आमच्या कोर्टातून एक समन्स त्या बाजूला गेलं होतं. परत आलं तेव्हा मागे सात-आठ ओळी तेलुगू. संहितेत १९७६ च्या दुरुस्तीनं घातलेली सोय आहे की असा अहवाल परत करताना त्याचं हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडायचं. जोडलं नव्हतं. आमच्या बाबूनं पाहिलं, गोल गोल अक्षरं, म्हणाला, "बजावणी नाही झाली वाटते." वादीला पुन्हा भत्ता भरायला लावला. मला राहवलं नाही. जिनिंगमध्ये एक तेलुगू मिस्त्री होता, त्याला कागद दाखवला. त्यानं वाचलं आणि हसायला लागला. बजावणी झाली होती! साक्षीदारानं समन्स घेतलं होतं, फक्त भत्ता कमी आहे म्हणून पैसे परत केले होते. भत्ता वाढवून दिला असता तर काम झालं असतं. तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते तुम्हीही एखाद्या जाणत्याकडून वाचून घ्या. आदिलाबादकडून लग्न होऊन आलेली सून गावात असेलच. तारीख, कोर्टाचं नाव, आणि १६ अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे दाव्याचा ओळख क्रमांक, शोधा. तो ईकोर्ट्सवर टाकला की दावा खरा आहे का, पेशी कधी आहे, दिसतं. बेलिफ हातात कागद देऊन गेला म्हणजे तुमचं खरंच आहे. पण व्हॉट्सॲपवर 'कोर्टाचं समन्स' पाठवून पैसे मागणाऱ्यांचाही सुकाळ झालाय, म्हणून शेजारणींनाही सांगून ठेवा. साक्षीदाराकडून कोर्ट पैसे मागत नाही, उलट भत्ता देतं. तुम्हाला दिला का? नसेल तर मागा, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला नोकरी करतो. आधी तो कॅलिफोर्नियात एका कंपनीत होता. त्या कंपनीचा कोणाशी तरी पैशाचा दावा चालू आहे आणि याला 'सबपिना' आला आहे. तो म्हणतो, कॅलिफोर्नियाचं कोर्ट मला न्यू जर्सीत काही करू शकत नाही. आम्हाला रात्रभर झोप नाही.
— एक निवृत्त शिक्षक, आर्वी

उत्तर : गुरुजी, झोपा. सबपिना म्हणजे आपलं साक्षीचं समन्स, तुरुंगाचा कागद नाही. तुमचा मुलगा अर्धा बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असणं कोर्टाच्या कामात फार महाग पडतं.

तिथंही एका राज्याच्या कोर्टाचा साक्षीचा हुकूम दुसऱ्या राज्यात नुसता चालत नाही. पूर्वी त्यासाठी दोन्हीकडे अर्ज करावे लागत. २००७ मध्ये तिथं एक नमुना कायदा तयार झाला, युनिफॉर्म इंटरस्टेट डिपॉझिशन्स अँड डिस्कव्हरी ॲक्ट. बहुतेक राज्यांनी तो घेतलाय, त्यात कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी दोन्ही आली. त्याची रीत ऐकून मला आपलं कलम २८ च आठवलं. दावा चालू असलेल्या राज्याचा सबपिना साक्षीदाराच्या राज्यात दाखल करायचा, आणि त्यावरून त्याच मजकुराचा तिथला सबपिना निघतो. तो बंधनकारक. फरक एवढाच की इथं कोर्ट कोर्टाला पाठवतं आणि तिथं पक्षकाराचा वकीलच कागद घेऊन जातो.

तेव्हा मुलाला सांगा, कागदाच्या डोक्यावर कोणत्या राज्याचं नाव आहे ते पाहा. फक्त कॅलिफोर्निया असेल तर त्याचं म्हणणं टिकण्याजोगं आहे. न्यू जर्सीचं असेल तर टाळणं म्हणजे कोर्टाचा अवमान. साक्ष बहुधा कोर्टात नाही, वकिलाच्या ऑफिसात शपथेवर लिहून घेतात, तीही त्याच्या राज्यात. त्यासाठी त्याला कॅलिफोर्नियाला जावं लागत नाही. वेळ गैरसोयीची असेल, किंवा मागितलेले कागद जुन्या कंपनीच्या गुपितांत येत असतील, तर सबपिना रद्द किंवा कमी करण्याचा अर्ज न्यू जर्सीतच करायचा, कॅलिफोर्नियात नाही. दावा केंद्र सरकारच्या कोर्टात, म्हणजे फेडरल कोर्टात असेल तर गोष्ट वेगळी. तिथला सबपिना देशभर चालतो, पण साक्षीदाराला त्याच्या राहत्या किंवा कामाच्या जागेपासून सहसा १०० मैलांच्या आतच बोलावता येतं. आपले १०० किलोमीटर, त्यांचे १०० मैल.

तुम्ही विचारलंय, इथून आमच्या ओळखीचे वकील त्यांना पत्र पाठवतील का. नका पाठवू. मुलानं तिथल्या एखाद्या वकिलाला कागद दाखवावा. आणि जुन्या कंपनीच्या ईमेल त्याच्याकडे असतील तर घाबरून एकही पुसू नये. हे आज रात्रीच फोनवर सांगा.